‘व्हर्च्युअल मशीन म्हणजे टाइमपास’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया काल रात्रीच वाचली, लगेच उत्तर लिहिणार होते पण दोन गोष्टी स्वतः करून बघायच्या होत्या म्हणून आज लिहितेय. ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात विंडोज एक्सपी ही जुनी विंडोज चालवते आणि बाबांच्या डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवण्याच्या) जुन्या फायली त्यात उघडते. त्यावर दादांचं म्हणणं असं की हा सगळा टाइमपास आहे, सगळी नक्कल सॉफ्टवेअरनेच केलेली असते म्हणून ते स्लो चालणारच, त्यांनी ८ जीबीच्या लॅपटॉपवर करून बघितलं तर लॅपटॉपच हँग झाला, त्यापेक्षा सरळ ड्युअल बूट (एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम थेट टाकून सुरू करताना एक निवडणं) करावं, सपोर्ट बंद झालेली एक्सपी लोकांना चालवायला सांगणं बेजबाबदारपणा आहे, स्नॅपशॉटला (मशीनची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवणं) मी बॅकअप म्हटलं ते साफ चूक आहे, आणि मुळात फायली युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत) करून टाकल्या की विषय संपतो.

स्नॅपशॉटचं आधी घेते, कारण तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. स्नॅपशॉट घेतला की डिस्कची मूळ फाइल आहे तिथेच गोठते आणि त्यानंतरचे सगळे बदल दुसऱ्या एका फाइलमध्ये जायला लागतात, परत स्नॅपशॉट घेतला की तिसरी फाइल, अशी साखळी होते. आता मूळ फाइलच खराब झाली किंवा लॅपटॉपची डिस्कच गेली तर ही सगळी साखळी एकदम जाते, मग बॅकअप कसला. मी बॅकअप हा शब्द फार सैल वापरला होता आणि कोणी त्यावर विसंबून राहिलं असतं तर त्याचं नुकसान झालं असतं, म्हणून तो परिच्छेद आज दुपारीच बदललाय. स्नॅपशॉट कशासाठी, तर एखादं सॉफ्टवेअर टाकून बघायचंय आणि बिघडलं तर पाच मिनिटांपूर्वीच्या जागी परत यायचंय, एवढ्याचसाठी. बॅकअप म्हणजे मशीन पूर्ण बंद करून तिचा अख्खा फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करणं, मी आता महिन्यातून एकदा तसंच करते. (माझ्याकडे स्नॅपशॉट साठत गेले, लॅपटॉपची डिस्क भरली आणि एक्सपी मधल्यामध्ये पॉज होऊन बसली, हे एकदा झालंय. फायली वाचल्या, पण तासभर जीव टांगणीला लागला होता.)

आता स्लो चालण्याबद्दल. ‘सगळी नक्कल असते’ हे मला पटत नाही. नक्कल असते ती हार्डवेअरची, म्हणजे डिस्क, नेटवर्क कार्ड, डिस्प्ले यांची. प्रोसेसरच्या बाबतीत आतल्या विंडोजच्या बहुतेक सूचना तुमच्या खऱ्या प्रोसेसरवर थेट चालतात. आधी हे अवघड होतं, कारण आपल्या पीसीच्या प्रोसेसरमध्ये काही सूचना अशा होत्या की त्या मर्यादित अधिकारात चालवल्या तर ना एरर देत ना बरोबर उत्तर देत, गुपचूप वेगळंच काहीतरी करत. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ मध्ये पीसीवर हे जमवून दाखवलं ते अशा सूचना चालता चालता शोधून बदलून. मग २००५ मध्ये इंटेलने व्हीटी-एक्स नावाची सोय आणली, पुढच्या वर्षी एएमडीने त्यांची आणली, आणि हे काम प्रोसेसरमध्येच आलं. व्हर्च्युअलबॉक्स तर ६.१ पासून, म्हणजे २०१९ च्या शेवटापासून, या सोयीशिवाय मशीन चालवतच नाही. बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) ती बंद असेल तर चालू करायला लागते, इंटेलवर ‘व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी’ अशा नावाने असते आणि एएमडीवर ‘एसव्हीएम मोड’. चालू आहे का ते विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर क्लिक केलं की खाली लिहिलेलं दिसतं.

मग तुमच्याकडे हँग का झालं? मला दोन शक्यता दिसतात. पहिली, तुम्ही आत काय टाकलं होतं ते लिहिलं नाहीत. विंडोज ११ च्या आत परत विंडोज ११ टाकलं असेल तर आतल्यालाच कमीत कमी ४ जीबी रॅम लागते, बाहेरच्याला उरते ४, आणि त्यात ब्राउझर उघडा असेल तर दोघंही डिस्कवर घासत बसतात. अशा वेळी ८ जीबी पुरत नाही हे मान्य, आणि हे मी पोस्टमध्ये स्पष्ट लिहायला हवं होतं. पण एक्सपीचं गणित वेगळं आहे. तिच्यासाठी मायक्रोसॉफ्टने तेव्हा १२८ एमबी रॅम सुचवली होती, मी तिला ७६८ एमबी दिलीय आणि पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) शंभर पानांची फाइल उघडून काम करते, काही अडत नाही. रॅम जास्त दिली की मशीन जास्त पळते असं समजून लोक अर्धी रॅम आतल्याला देऊन टाकतात आणि बाहेरच्याचा श्वास कोंडतो.

दुसरी शक्यता मला जास्त वाटते. तुमच्या मशीनच्या खिडकीत खाली उजव्या कोपऱ्यात बारीक चिन्हांची ओळ असते, तिथे एक हिरवं कासव दिसतं का बघा. ते दिसत असेल तर याचा अर्थ बाहेरच्या विंडोजने हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय) आधीच चालू करून ठेवलंय आणि व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरकडे थेट जाता येत नाही, त्याला हायपर-व्हीच्या मार्फत जावं लागतं. वेग खूप पडतो, माउससुद्धा अडकत अडकत हलतो. आपण हायपर-व्ही कधी चालू केलेलं आठवत नसतं, कारण विंडोज सिक्युरिटीमधलं ‘मेमरी इंटिग्रिटी’ नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा आधीपासून चालू असतं आणि ते यावरच चालतं, शिवाय लिनक्ससाठीचं डब्ल्यूएसएल २ टाकलं तरी तेच. काल माझ्या लॅपटॉपवर मुद्दाम मेमरी इंटिग्रिटी चालू करून बघितली. कासव आलं, आणि एक्सपी सुरू व्हायला नेहमीच्या कितीतरी पट वेळ लागला. तुम्हाला जो अनुभव आला तो खोटा नाहीये, त्याचं कारण मात्र हे असू शकतं. बंद करायचं की नाही हे तुम्ही ठरवा, कारण ते बंद केलं की बाहेरच्या विंडोजचं एक संरक्षण कमी होतं. मी मशीन वापरायची असते त्या दिवशी बंद करते आणि नंतर परत चालू करते, दोन्ही वेळा रीस्टार्ट करावं लागतं, पण तेवढं मी सहन करते.

ड्युअल बूट. लिनक्स शिकायचंय, गेम खेळायचेत, ग्राफिक्स कार्डची पूर्ण ताकद हवीय, तर ड्युअल बूटच करा, मीही तेच सांगीन. पण माझ्या कामाला ते होतच नाही, आणि हे तुम्ही हार्डवेअरचं काम करता म्हणताय तर तुम्हाला लगेच कळेल. एक्सपी आली २००१ मध्ये. माझ्या लॅपटॉपमधली डिस्क एनव्हीएमई या नव्या प्रकारची, ज्याचं मानकच २०११ चं. एक्सपीला ती डिस्क म्हणजे काय तेच माहीत नाही. त्यात नवे लॅपटॉप नुसत्या यूईएफआयवर (बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत) चालतात आणि ३२ बिटची एक्सपी जुन्या बायोसशिवाय उठत नाही, जीपीटी (डिस्कचे भाग मांडायची नवी पद्धत) डिस्कवरून बूट होत नाही, वायफायचा ड्रायव्हर नाही, यूएसबी ३ चा नाही. म्हणजे तिला आजच्या लॅपटॉपवर थेट टाकायचं म्हणजे नसत्या ठिकाणी खटपट. व्हर्च्युअल मशीनमध्ये तिला तिच्या काळातली आयडीई डिस्क दिसते, तिच्या ओळखीचं नेटवर्क कार्ड दिसतं, ती निमूट चालू होते. ज्या नकलेला तुम्ही दोष दिलात त्या नकलेमुळेच माझं काम होतं.

बाबांच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक आहे, ते लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. तेही आत देता येतं, फक्त मशीनच्या सेटिंगमध्ये यूएसबी १.१ निवडायचं आणि त्या लॉकचा फिल्टर टाकून ठेवायचा, की लावल्याबरोबर ते सरळ आत जातं.

एक्सपीच्या सुरक्षेबद्दलचा तुमचा राग मला समजतो. ८ एप्रिल २०१४ ला सपोर्ट संपलाय, ती इंटरनेटला जोडणं म्हणजे दार उघडं टाकून गावाला जाणं. म्हणूनच माझ्या मशीनचं नेटवर्क अडॅप्टर ‘नॉट अटॅच्ड’ वर आहे, आत इंटरनेटच नाही. पोस्टमध्ये हे एका ओळीत होतं, आता वर ठळक टाकलंय. आणि व्हर्च्युअल मशीनची भिंत अभेद्य आहे असंही मी म्हणणार नाही, २०१५ मध्ये व्हेनम नावाचा दोष सापडला होता, फ्लॉपीच्या नकलेतल्या चुकीमुळे आतून बाहेर येता येत होतं, आणि फ्लॉपी कोणी वापरत नव्हतं तरी. त्यामुळे नको ती उपकरणं काढून टाकायची, बाहेरचं व्हर्च्युअलबॉक्स अपडेट ठेवायचं, आणि शेअर्ड फोल्डर एकच द्यायचा, तोही त्यात महत्त्वाचं काही न ठेवता. अख्खा डी ड्राइव्ह शेअर करून ठेवलेला मी बघितलाय, आतल्या एक्सपीत व्हायरस शिरला तर तो त्या वाटेने सगळ्या फायली खाईल.

राहिलं युनिकोड. दादा, हा माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा विषय आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर जसं दिसतं तसं साठवलंय, ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर, अर्धा श आणि काना वेगवेगळे. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. कन्व्हर्टर हे सगळं फिरवतो आणि बहुतेक वेळा बरोबर फिरवतो, पण ‘र्कि’ सारख्या ठिकाणी, जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की चुकतो, मग ते कोणीतरी मूळ पानासमोर ठेवून वाचायला लागतं. ते मूळ पान बघायला तरी पेजमेकर उघडायलाच हवा ना? बाबांनी १९९६ पासून गावातल्या शाळांच्या स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, एका कवीचे दोन संग्रह, देवस्थानच्या यात्रेची पत्रकं जुळवली. छापील प्रती बऱ्याचशा कोणाकडेच नाहीत. मी एक्सपीत फाइल उघडते, आधी पीडीएफ करून घेते म्हणजे पान जसंच्या तसं राहील, मग मजकूर काढून युनिकोडमध्ये आणते आणि आई त्या पीडीएफवरून मुद्रितं तपासते. आत्तापर्यंत बेचाळीस फायली झाल्यात, अजून दोनशेच्या वर आहेत, काही सीडी तर वाचल्याच जात नाहीत. तुम्ही म्हणता तसा विषय एकदा संपेल तेव्हा ही एक्सपीची मशीन मीच बंद करीन, पण ती चालू असल्याशिवाय तो संपत नाही.

आणि हो, एक्सपीची आमची सीडी बाबांच्या दुकानाने बॉक्ससकट विकत घेतलेली आहे. जुन्या कॉम्प्युटरसोबत आलेल्या कॉपीचं लायसन्स बहुतेक वेळा त्या कॉम्प्युटरपुरतंच असतं, त्यामुळे ‘कुठूनही डाउनलोड करा’ असं खाली दोघांनी लिहिलंय ते करू नका, तसल्या फायलींमध्ये आधीच काय भरून ठेवलेलं असेल ते कळत नाही.

तेवढं कासव दिसतंय का बघून कळवा. नसेल दिसत तर प्रोसेसर कुठला, आत कुठली सिस्टिम टाकली आणि तिला रॅम किती दिली ते लिहा, मी इथे तशीच मशीन करून बघते. आणि तुमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्यांत प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावायचं लॉक घेऊन कोणी आलं असेल तर ते तुम्ही कसं चालवलंत तेही सांगा, बाबांचं १९९६ चं पहिलं सॉफ्टवेअर तसलंच आहे आणि त्यातल्या अकरा फायली अजून उघडलेल्या नाहीत.