मशीन एकच, पण किट प्रत्येकाचं वेगळं

प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, द्यायला निघालेला माझा भाचा ऐनवेळी मागे फिरला. हे दान मशीनवर होतं: मशीन दात्याच्या रक्तातून प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त त्याला परत देतं. कारण काय, तर 'मशीनवर प्लेटलेट देणाऱ्यांनो, सावधान' हा फॉरवर्ड. त्यातले दावे असे: मशीनमधून दुसऱ्याचं रक्त अंगात येऊन एचआयव्ही होतो, गरगर फिरवलेलं रक्त 'मृत' होऊन परत येतं, प्लेटलेट कायमच्या घटतात आणि हाडांतलं कॅल्शियम निघून जातं.

पहिला दावा सगळ्यात घातक. अहो, रक्त मशीनला शिवतच नाही! प्रत्येक दात्यासाठी नवं, निर्जंतुक किट फोडतात. सुई, नळ्या, पिशव्या, अगदी सेंट्रिफ्यूजमध्ये (रक्त गरगर फिरवून त्याचे घटक वेगळे करणाऱ्या यंत्रात) फिरणारा कप्पासुद्धा त्या किटमधलाच. पंप नळीला फक्त बाहेरून दाबतो. काम संपलं की अख्खं किट जैववैद्यकीय कचऱ्यात जातं. मग दुसऱ्याचं रक्त येणार कुठून? शंका असेल तर किट डोळ्यांदेखत फोडायला सांगा.

भीती अगदीच हवेतली नाही, एवढं कबूल. १९९० च्या दशकात चीनच्या हेनान प्रांतात प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) विकत घेणाऱ्यांनी एका रक्तगटाच्या अनेकांचं रक्त एकत्र केलं, प्लाझ्मा काढून घेतला आणि उरलेल्या लाल पेशी त्या सगळ्यांना परत चढवल्या. हजारो गरीब शेतकऱ्यांना त्यातून एचआयव्ही झाला. पण तिथे रक्त मुद्दाम एकत्र केलं होतं. इथे एका दात्याचं रक्त त्याच्याच नळ्यांतून जातं आणि त्याच्याकडेच परत येतं. त्या पापाचं खापर या किटवर कशाला?

'मृत रक्त' म्हणजे तर कहरच. रक्तपेढीत साध्या रक्ताच्या पिशव्याही सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवूनच लाल पेशी वेगळ्या करतात आणि त्या फिरवलेल्या पेशीच रुग्णांना चढवतात.

प्लेटलेट जेमतेम ८ ते १० दिवस जगतात, अस्थिमज्जा रोज नव्या बनवत असते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन दानांत किमान २ दिवसांचं अंतर हवं, ७ दिवसांत फार तर २ आणि वर्षात २४ वेळा दान करता येतं. कायमच्या घटत असत्या तर ही मुभा दिली असती का?

कॅल्शियमचं अर्धसत्य आहे. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम तात्पुरतं बांधून ठेवतं, त्यामुळे ओठांना, बोटांना मुंग्या येतात. तसं लगेच सांगायचं, मग वेग कमी करतात, कॅल्शियमची गोळी देतात.

खरा विचारण्याजोगा प्रश्न या फॉरवर्डवाल्याला सुचलाच नाही. वर्षानुवर्षं वारंवार प्लेटलेट देणाऱ्या काहींच्या रक्तात लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) कमी आढळल्या आहेत. त्यातून आजार होतो असं सिद्ध झालेलं नाही, पण नेहमी देणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलावं ते याबद्दल.