माळ्यावरचं पुण्य

पाऊस लागला, शाळा उघडल्या, तोरणमाळचा घाट हिरवा झाला. म्हणजे आता जळगाव-धुळ्याच्या दानशूर मंडळींना सातपुड्यातली गरीब पोरं आठवणार. परवाच आमच्या पाड्यावरच्या शाळेत अशी एक गाडी येऊन गेली. तिच्यातून उतरलेली पोती मी अजून निवडतोय. निवडता निवडता सुचलेल्या या काही सूचना, पुढच्या गाडीवाल्यांसाठी.

सुरुवात घरच्या माळ्यापासून करा. जे रद्दीवाला घेत नाही आणि भंगारवालाही परत देतो, त्याला ‘पुनर्वापराचं शालेय साहित्य’ म्हणतात.

स्केचपेन सुकलेत का, ते तपासत बसू नका.

कंपासपेटी द्या, पण भरलेली नको. कर्कटक असलं तर गुण्या काढून घ्या. कोनमापक मधोमध मोडलेला असेल तर उत्तम. पाड्यावरच्या पोरानं नव्वदच्या पुढचे कोन मोजून करायचंय काय?

दप्तराच्या चेनला रनर बसवून घेण्याच्या भानगडीत पडू नका. पावसात दप्तर उघडं राहिलं की पुस्तकांना हवा लागते.

टाय आणि बेल्ट विसरू नका. नाला ओलांडून येणाऱ्या पोराला टायची फार गरज असते.

अर्धवट भरलेल्या वह्या तशाच द्या. लिहिलेली पानं फाडायची नाहीत आणि वरचं लेबलही काढायचं नाही. आमच्या एका तिसरीतल्या पोरीला अशी वही मिळाली. आत कुणाचा तरी गृहपाठ, त्याला लाल शाईत ‘व्हेरी गुड’. वर कार्टूनच्या लेबलावर भलत्याच मुलाचं नाव. “सर, ही वही त्याला परत द्यायची आहे का?” असं तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर सगळी दुपार नखानं ते लेबल खरवडत बसली.

आता पुस्तकं. इथे जरा सविस्तर सांगावं लागेल. पहिली ते आठवीची बालभारतीची पुस्तकं सरकार आमच्या पोरांना फुकट देतं. म्हणून तुम्ही नेमकी तीच पोत्यानं आणा. त्यातही २०२३-२४ पासून दोन वर्षं पुस्तकातच कोरी पानं घातली होती ना, दप्तराचं ओझं हलकं व्हावं म्हणून? ती आवर्जून आणा. तुमच्या लेकरानं त्यावर सगळी उत्तरं लिहून ठेवलेली असतात, आमच्यांना डोकं चालवायचा त्रास नको. (ती पानं पुढे सरकारनंच काढून टाकली. पण सरकारला दानातलं काय कळतं!) सोबत इंग्रजी माध्यमाची गाइडं हवीतच. घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारं, शाळेत येऊन मराठीशी झटणारं पोर सीबीएसईचं कम्प्युटरचं पुस्तक उघडून त्यातली चित्रं बघेल, तेवढंच मनोरंजन. आणि नववी-दहावीची पुस्तकं मात्र चुकूनही देऊ नका. कारण ती लागतात! फुकटची पुस्तकं आठवीला संपतात. पुढे विकत घ्यायची. आमच्याकडून आठवी पार करून गेलेल्या पोरीचा बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातो, तो दहावीचा संच कुठून आणणार? दोघी-तिघी मिळून एक संच वापरतात, तोही एकीच्या पाड्यावर राहिला की दुसरीचा अभ्यास बंद. आणि तिकडे निकालाचे पेढे वाटून होत नाहीत तोवर तीच पुस्तकं तराजूत पडलेली असतात, किलोच्या भावानं. दहावीची पुस्तकं २०१८ साली बदलली, पुढे कितीतरी वर्षं तीच चालली. एका संचावर चार-पाच पोरं सहज निघाली असती.

परवाच्या मंडळींना मी विचारलंच, “दहावीची पुस्तकं नाही का आणली?”

“होती ना सर. पण ती चांगल्या अवस्थेत होती, म्हणून विकली.”

आता यावर काय बोलायचं?

कार्यक्रमाचंही सांगून टाकतो. दहाला येतो म्हणून दोनला या, वाटेत तोरणमाळची सीताखाई दरी बघून. तोवर पोरं रांगेत बसतात आणि खिचडी निवते. फोटोत पोरं हसली नाहीत तर गुरुजींना दटावा. बॅनरवर साने गुरुजी घाला. अमळनेरला शिक्षक होते, म्हणजे खान्देशचेच. छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे म्हणतात. तुम्हाला दान करायच्या दप्तरातला कचरासुद्धा झाडवत नाही. तळाशी कुरकुऱ्यांची रिकामी पाकिटं होती हो! ती उपसली कुणी? पोरांनीच.

पुरे झाला उपरोध. सरळ सांगतो. स्वतःच्या पोराच्या हातात द्यायला लाज वाटेल ती वस्तू आमच्या पोराला देऊ नका. गरिबाला सगळं चालतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमची पोरं वहीची कोरी पानं काढून सुईदोऱ्यानं शिवतात, त्याची नवी वही करतात. तुम्हाला घरी पंख्याखाली बसून एवढं जमत नाही? स्केचपेन कागदावर ओढून बघायला किती वेळ लागतो? निघायच्या आधी शाळेत एक फोन करून “काय लागतं?” एवढं विचारायला कुणी अडवलंय? नंबर तुमच्याकडे आहे. फोटो पाठवायला तो बरोबर सापडतो.

यंदाचे दहावीचे संच अजून रद्दीत गेले नसतील तर एका खोक्यात बांधून शहाद्याहून धडगावच्या एसटीत टाका. स्टँडवर मी उतरवून घेईन. तुम्ही नाही आलात तरी चालेल.