नऊवारी, मशीनगनचा पट्टा आणि ‘द होल नाइन यार्ड्‌स’

फिरत असलेला मजकूर थोडक्यात असा: इंग्रजीत ‘द होल नाइन यार्ड्‌स’ म्हणजे सगळंच्या सगळं, काही हातचं न राखता. यार्ड म्हणजे वार. म्हणून हा वाक्प्रचार आपल्या नऊवारीचाच. इंग्रज साहेबांनी तो पुण्या-मुंबईत उचलला आणि मायदेशी नेला. ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी त्याच मजकुरात आणखी दोन पर्याय असतात. एक, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांच्या मशीनगनचा पट्टा 27 फूट, म्हणजे बरोबर 9 यार्ड असे. दोन, काँक्रीटच्या ट्रकमध्ये 9 घनयार्ड माल मावतो. तिन्ही गोष्टी ऐकायला गोड आहेत, आणि तिन्ही चुकीच्या.

आधी तारखा बघू, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मिचेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या ‘मिचेल कमर्शियल’ या वृत्तपत्रात 1907 च्या मे महिन्यात एका बेसबॉल सामन्याची बातमी आली: गावचा संघ व्यापाऱ्यांशी खेळणार आहे, त्यांना झेपतील तितके डाव होतील, पण ‘फुल नाइन यार्ड्‌स’ची हमी नाही. पुढच्याच वर्षी, जून 1908 मध्ये, त्याच पत्रात मासे पकडून आलेल्या एका गृहस्थाची थट्टा आहे. हा आता कोणातरी बेसावध माणसाला गाठून ‘होल नाइन यार्ड्‌स’ ऐकवणार, असं बातमीदार म्हणतो. म्हणजे अथपासून इतिपर्यंत सगळी कथा. अर्थ अगदी आजचाच.

1912 मध्ये शेजारच्या केंटकी राज्यातल्या ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ने वाचकांना सांगितलं की या अंकात सगळ्या बातम्या देता आल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘होल सिक्स यार्ड्‌स’ देऊ. सिक्स! नऊ नव्हे, सहा. 1921 मध्ये साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गच्या एका वृत्तपत्रातही सहा यार्डांचाच मथळा आहे. पुढे 1956 मध्ये केंटकीतल्याच शिकार-मासेमारीच्या मासिकात एका स्पर्धेतली सगळी बक्षिसं मोजून झाल्यावर लेखक ‘सो दॅट्स द होल नाइन यार्ड्‌स’ म्हणतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलाच्या तोंडी हा प्रयोग रुळला आणि तिथून तो जगभर गेला. हे जुने दाखले शोधण्यात बॉनी टेलर-ब्लेक आणि येल विद्यापीठाचे फ्रेड शपिरो यांचा मोठा वाटा आहे. सहा यार्डांच्या शोधाची बातमी 2012 च्या डिसेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि 1907-08 चे दाखले त्यानंतर सापडले. फिरणारा मजकूर अजून त्याच्या आधीच्या काळात अडकला आहे.

आता एकेक दावा.

“मशीनगनचा पट्टा 9 यार्डांचा असे.” 1907 मध्ये विमानाला उडून चारच वर्षं झाली होती, त्यावर मशीनगन नव्हती. इथेच विषय संपतो. पण हा दावा करणारे आकड्यांवर फार विसंबतात, म्हणून आकडेही तपासू. अमेरिकी विमानांवरच्या .50 ब्राउनिंग मशीनगनच्या काडतुसाचा बुडाचा व्यास 20.4 मिलिमीटर. कड्यांनी जोडल्यावर एका काडतुसाला पट्ट्यात सुमारे 23 मिलिमीटर जागा लागते. पी-51डी मस्टँग या लढाऊ विमानाच्या पंखांत अशा सहा मशीनगन असत. आतल्या दोघींना प्रत्येकी 400 गोळ्या, बाकी चौघींना 270. म्हणजे आतला पट्टा सव्वानऊ मीटरांच्या आसपास, दहा यार्डांच्या वर. बाहेरचा सव्वासहा मीटर, सात यार्डांच्या आत. एकाच विमानात दोन लांब्या, आणि नऊ एकही नाही. ब्रिटिशांच्या सुरुवातीच्या स्पिटफायर विमानात .303 च्या आठ मशीनगन, प्रत्येकीला 300 गोळ्या. तो पट्टा सहा यार्डांपर्यंतही जात नाही. शिवाय दारूगोळा कुठल्याही सैन्यात गोळ्यांच्या संख्येत मोजतात. पट्ट्याची लांबी गजाने मोजून वैमानिकाला सांगणारा शस्त्रागारवाला कोणत्याच सैन्यात टिकला नसता.

“काँक्रीटचा ट्रक 9 घनयार्डांचा.” आज असे ट्रक आहेत, म्हणून हा दावा खरा वाटतो. पण 1964 मधल्या अमेरिकेतल्या त्या धंद्याच्या मासिकातच नोंद आहे की काही वर्षांपूर्वी साडेचार घनयार्डांचा मिक्सर प्रमाण मानला जाई आणि 1962 पर्यंत देशातली सरासरी 6.24 वर आली. वजनाचाही हिशेब करा. एक घनयार्ड म्हणजे 0.76 घनमीटर, ओलं काँक्रीट साधारण 1,800 किलोच्या वर. नऊ घनयार्ड म्हणजे नुसता मालच सोळा टनांहून जास्त. त्यासाठी जादा आस लागतात, आणि तसे ट्रक नंतर सर्रास झाले. वाक्प्रचार आधी आला, ट्रक मागून.

जहाजाच्या शिडांचे आडवे दांडे, स्कॉटिश किल्टचं कापड, अमेरिकन फुटबॉल या वाटाही कधीमधी निघतात. फुटबॉलचा तर विचारच करू नका. तिथे दहा यार्ड जावे लागतात. नऊ गेलात तर चेंडू समोरच्याच्या हातात जायची पाळी येते. सगळं मिळवल्याचा शब्द तिथून कसा यायचा?

राहिली नऊवारी. 9 यार्ड म्हणजे 8.23 मीटर, लुगड्याची लांबीही तेवढीच. मोजमाप जुळतं, यात वाद नाही. पण पेशवाईपासून चालत आलेलं आपलं माप हात. हात म्हणजे 18 इंच, अर्धा वार. तेव्हा नऊ वार म्हणजे अठरा हात. बरं, साहेबाने त्याचे यार्ड केले असं मानू. मग त्याच्या लिखाणात तो शब्द दिसायला हवा. अँग्लो-इंडियन बोलीचा जाडजूड कोश ‘हॉब्सन-जॉब्सन’ 1886 मध्ये छापला गेला, त्यात असा वाक्प्रचार नाही. खुद्द इंग्लंडमध्येही तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून पोचला. म्हणजे नऊवारीने पुण्याहून लंडनला न थांबता थेट इंडियानाच्या बेसबॉल मैदानावर पदर खोचला असं मानावं लागेल. आणि सहा यार्डांचं काय करायचं? कोणी म्हणेल, ती सहावारी! जो सिद्धांत सहालाही जुळतो आणि नऊलाही, तो काहीच सिद्ध करत नाही.

खरी गोम या सहा-नऊमध्येच आहे. तोच वाक्प्रचार, तोच अर्थ, जवळजवळ तोच मुलूख, आणि आकडा मात्र बदलतो. म्हणजे मुळात कोणतीही नऊ यार्डांची विशिष्ट वस्तू नसावी. ‘लांबलचक, पूर्ण’ एवढंच सुचवायचं होतं, कापडाच्या ताग्यासारखं. आकडे असे सरकतात. इंग्रजीत ‘क्लाउड नाइन’ (म्हणजे आनंदाचा कळस) याच्या आधी सात आणि आठही होते. आपल्याकडे ‘सोळा आणे खरं’ म्हणताना आकड्यामागे रुपया आहे, तो दाखवता येतो. पण ‘सतराशे साठ भानगडी’मागे काय आहे? एका मैलात बरोबर 1760 यार्ड असतात. घ्या, आकडा तंतोतंत जुळला. उद्या कोणी हाही मजकूर फिरवेल.

एक जुना दाखला मात्र नीट हाताळावा लागतो. 1855 मध्ये इंडियानाच्याच न्यू ऑल्बनीतल्या वृत्तपत्रात एक विनोदी गोष्ट छापली होती: तीन शर्टांचं कापड शिवायला दिलं, तर बाईने ‘होल नाइन यार्ड्‌स’ एकाच शर्टात घातले. शब्द हुबेहूब तेच. पण शर्टामागे तीन यार्ड, तीन शर्टांना नऊ. तिथे खरोखर कापडच मोजलेलं आहे. त्या गोष्टीपासून 1907 च्या अलंकारिक वापरापर्यंत जाणारी साखळी हाती नाही, म्हणून काही अभ्यासक तिला मूळ मानायला तयार होत नाहीत.

स्वतः शोध घ्यायचा असेल तर इथेच घसरायला होतं. जुन्या वृत्तपत्रांच्या संग्रहात शब्द टाकला की कापड दुकानांच्या जाहिराती, शिवणकामाचे सल्ले, जमिनीची मापं यांचा ढीग पडतो. ते सगळे मापाचे वापर बाजूला काढावे लागतात. ‘होल’बरोबर ‘फुल’, ‘नाइन’बरोबर ‘सिक्स’ असे पर्याय टाकून पाहावे लागतात, नाहीतर 1907 चा दाखला निसटतोच. आणि संग्रहाने दिलेल्या वर्षावर विसंबू नये: नियतकालिकांच्या बाबतीत बऱ्याचदा पहिल्या खंडाचं साल सगळ्या खंडांना चिकटवलेलं असतं. पान उघडून अंकावरची तारीख वाचावी. नऊवारीच्या बाजूने बोलायचं असेल तर मुंबई इलाख्यातलं 1907 च्या आधीचं असं एक पान पुरेल, जिथे ‘नाइन यार्ड्‌स’ आहे आणि कापड नाही.