करंटची तार आणि ‘हेतू नव्हता’

हरभरा वर आला की आमच्या तालुक्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर साधारण असा : ‘वावर आपलं, तार आपली. रानडुकरासाठी लावलेल्या करंटला चिकटून रात्री कोणी मेला तर शेतकऱ्यावर गुन्हा होत नाही, कारण माणूस मारायचा हेतू नव्हता. आत शिरला तो चोर. बोर्ड लावा आणि निश्चिंत झोपा.’

डुकरांचा कळप एका रात्रीत वावराचं काय करतो ते मला सांगू नका, जागल मीही केली आहे. पण मी तालुक्याच्या कोर्टात वकिलीही करतो. या मेसेजमधलं धड वाक्य एकच : वावर आपलं.

आधी ‘हेतू’. फौजदारी कायदा फक्त हेतू बघत नाही. उद्देश वेगळा, जाणीव वेगळी, हयगय वेगळी. जीव घ्यायचा म्हणूनच घेतला तर तो सहसा खून, भारतीय न्याय संहितेचं कलम 103. मारायचं नव्हतं, पण आपल्या कृत्याने माणूस मरण्याचा संभव आहे हे ठाऊक असून केलं, तर सदोष मनुष्यवध, कलम 105 : दहा वर्षांपर्यंत कैद, अजामीनपात्र. नुसती हयगय ठरली तर कलम 106. तो गुन्हा जामीनपात्र, पण 1 जुलै 2024 पासून त्याचीही शिक्षा दोनची पाच वर्षांपर्यंत गेली आहे. म्हणजे ‘हेतू नव्हता’ या बचावाने फार तर खुनाचं कलम टळतं.

आणि जाणीव होती हे सिद्ध कसं होणार? आमच्या गावात एकाने जमिनीपासून वीतभर उंचीवर बारीक तार ओढली होती, बांबूच्या खुंट्यांना बाटल्यांचे तुकडे अडकवून. रात्री आठला चालू, पहाटे पाचला बंद. मी विचारलं, “काका, पहाटे बंद कायले करता?” म्हणाले, “बाया निंदाले येतात ना बापा.” सरकारी वकिलाला याहून जास्त काय पाहिजे?

बोर्डाचंही तेच. ‘सावधान, करंट’ हे लिहिणाऱ्याला करंट माणसाला मारतो हे ठाऊक असतं. अमावास्येच्या रात्री तो बोर्ड वाचणार कोण, हा प्रश्न वेगळाच.

आता ‘आत शिरला तो चोर’. दुसऱ्याच्या वावरात पाय ठेवला एवढ्यावर आपराधिक अतिक्रमण होत नाही. त्याला गुन्हा करायचा, धमकवायचं किंवा त्रास द्यायचा उद्देश लागतो. सुटलेलं ढोर शोधणारा, परसाकडे बसायला आलेला, रात्रीची लाइट आली म्हणून ओलित करायला धुऱ्याने, म्हणजे बांधाने, निघालेला शेजारी यांच्यापैकी चोर कोण? बरं, खरोखर चोर असला तरी मालमत्ता वाचवताना जीव घेण्याची मुभा कलम 41 मोजक्याच प्रसंगी देतं : जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराची जाळपोळ, किंवा आपल्याच जिवावर बेतेल अशी रास्त भीती. पोतंभर तुरीच्या शेंगा त्यात बसत नाहीत. 1963 साली चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात संडासाच्या वाटेवर उघडी विजेची तार लावणाऱ्याने हेच म्हणून पाहिलं होतं. शेजारीण मेली होती. ती विनापरवानगी आली होती हे धरूनही सर्वोच्च न्यायालयाने हयगयीने मृत्यू घडवल्याची शिक्षा कायम ठेवली.

तार आकड्यावर असेल तर वीजचोरीचा गुन्हा वेगळा, आणि तिला वाघ चिकटला तर वन्यजीव कायद्याखाली 3 ते 7 वर्षं. सौर झटका मशीन हा निराळा प्रकार आहे. ती क्षणभर झटका देऊन थांबते, त्यामुळे अंग सुटतं. घरच्या लाइनचा 230 व्होल्टचा करंट धरून ठेवतो.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट गावात मात्र कुजबुजत सांगतात : काही झालंच तर प्रेत उजाडायच्या आत दुसऱ्याच्या धुऱ्यावर किंवा नाल्यात टाकायचं. तो पुरावा नाहीसा करण्याचा आणखी एक गुन्हा, कलम 238. शिवाय रात्री दोनला तार गुंडाळून ठेवणाऱ्या माणसाला ‘मला ठाऊकच नव्हतं’ म्हणायला तोंड उरत नाही.