कपाट, सुतळी आणि विश्वातली चार बलं

रंगारी सकाळी नऊला येणार होता. बेडरूमच्या एका भिंतीला ओल आलीये, पोपडे सुटलेत, आणि नेमकं त्याच भिंतीला टेकून आमचं लोखंडी कपाट उभं, लग्नात सासऱ्यांनी दिलेलं, बावीस वर्षं झाली, एकदाही जागचं हललेलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर बायको म्हणाली, "अहो, तेवढं कपाट दोन फूट पुढे घ्या." तेवढं! मराठीत ह्या शब्दाइतका फसवा शब्द नसेल.

मी म्हणलं आधी रिकामं करू. तर म्हणे नको, साड्यांच्या घड्या मोडतात, असंच सरकवा. त्यात लेकीची दुसऱ्या दिवशी फिजिक्सची टेस्ट, अकरावी सायन्स, ती पलंगावर मांडी घालून मोठ्याने पाठ करत बसलेली, "निसर्गातली मूलभूत बलं चार. गुरुत्वाकर्षण, विद्युतचुंबकीय, प्रबल आणि क्षीण." पाचवं मी खांद्याने लावत होतो, त्याची पुस्तकात नोंद नाही.

कपाट ढिम्म.

"बाबा, सुरुवातीचं घर्षण जास्त असतं, एकदा हललं की सोपं जातं." अगं पण एकदा हलायला तर पाहिजे! दम खायला निमित्त हवं म्हणून मी विचारलं, घर्षण तुझ्या त्या चारात कुठे दिसलं नाही ते. तर म्हणे ते विद्युतचुंबकीयमध्येच येतं. कपाटाच्या पायातले अणू आणि फरशीतले अणू यांची जी काही ओढाताण चालते ती सगळी विजेच्या भारांची, आणि नुसतं घर्षणच नाही, स्प्रिंग ताणणं, पोळी चावणं, माझा खांदा दुखणं, सगळं त्याच एका बलाच्या खात्यात. आधी लोकांना वीज वेगळी आणि चुंबक वेगळं वाटायचं. मग १८२० साली ओर्स्टेडला वीज वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हललेली दिसली, आणि १८६५ मध्ये मॅक्सवेलने दोन्हींचं गणित एकत्र मांडलं. म्हणलं नशीबवान माणूस, त्याचं काहीतरी हललं तरी.

मग ठरलं की निदान कपाटावरचा बोजा खाली घेऊ. स्टुलावर चढलो. वर एक बंद पडलेला टेबलफॅन, दोन बॅगा आणि सुतळीने बांधलेलं थर्मोकोलचं मखर, २०१८ च्या बंदीच्या आधीचं, "असू दे, लागेल" म्हणून ठेवलेलं. कधी लागणार, पोलिसांना दाखवायला? ते उचललं तर हातात चुरा झाला आणि त्याचे पांढरे दाणे कोपरापर्यंत चिकटले. झटकले, पडेनात. फुंकले, एक उडून मिशीला चिकटला. उजव्या हाताने डाव्यावरचे काढले तर ते उजव्यावर बसले.

लेक एकदम खूश. "बाबा, हेच ते! अख्खी पृथ्वी त्या दाण्याला खाली ओढतेय आणि तरी तो पडत नाहीये." पृथ्वी म्हणजे सहावर चोवीस शून्यं इतके किलो, आणि समोर घासून आलेली एवढीशी स्थिर वीज, तरी वीज जिंकते. दोन प्रोटॉन घेतले तर त्यांच्यातलं विजेचं ढकलणं हे गुरुत्वाकर्षणाच्या ओढीपेक्षा एकावर छत्तीस शून्यं इतक्या पटीने जास्त असतं म्हणे. चौघांत सगळ्यात दुबळं गुरुत्वाकर्षणच.

हे ऐकत मी वळायला आणि स्टूल डुगायला एकच गाठ पडली. दुबळ्या बलाने मला बॅगेसकट पलंगावर आणून टाकलं, लेकीच्या वहीवर.

कंबर चोळत विचारलं, दुबळं असून हे असं? तर विजेत अधिक आणि उणे असतं, मोठ्या वस्तूत ते एकमेकांना खाऊन टाकतं आणि बाहेर काही उरत नाही. गुरुत्वाकर्षणात उणे नाहीच, नुसती बेरीज. आमच्या किराण्याच्या बिलासारखं.

सुतळीची गाठ सुटत नव्हती, जितकी ओढावी तितकी घट्ट. इथे प्रबल बल आलं. प्रोटॉनच्या आत क्वार्क असतात, लांब ओढायला गेलं तरी त्यांची ओढ सैल पडत नाही, आणि फारच ताणलं तर त्या ताणातल्या ऊर्जेतूनच नवे क्वार्क तयार होतात, म्हणून सुटा क्वार्क कधीच हाताला लागत नाही. मी वैतागून सुतळी दातांनी तोडली. दोन तुकडे, प्रत्येकाला परत दोन दोन टोकं. "बघा!" लेक म्हणाली. खरंच की, एकच टोक असलेली सुतळी कुणी बघितलीये?

पण खरी मजा पुढे. कपाट एवढं जड कशामुळे यावर आमचं नवरा-बायकोचं भांडण जुनं आहे, मी म्हणतो साड्या, ती म्हणते माझ्या फायली. लेकीने निकाल दिला की प्रोटॉनच्या वजनात क्वार्कचं स्वतःचं वजन शंभरातलं एखादा टक्का, बाकी सगळं त्या प्रबल बलाने बांधलेल्या आतल्या धावपळीचं, म्हणजे ऊर्जेचं. "म्हणजे साड्यांचं नाही ना?" बायको. साड्याही प्रोटॉनच्याच असतात हे मी बोललो नाही, बारा वाजले होते.

आणि गुरुत्वाकर्षणाला दुबळं म्हणलेलंही तिला आवडलं नव्हतं, कारण माहेर हिंगोलीचं. तिकडे औंढा नागनाथला गुरुत्वीय लहरी पकडायची लायगो प्रयोगशाळा होतेय, २०२३ मध्ये सरकारने २६०० कोटी मंजूर केले, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय तर प्रोटॉनपेक्षाही शेकडो पटींनी बारीक थरथर. अमेरिकेत २०१५ ला अशी पहिली लहर सापडली, दोन कृष्णविवरं आदळल्याची. "आमच्याकडे एवढंसं हललेलं कळणार," ती म्हणाली, "आणि तुमच्याने..." पुढचं बोलली नाही.

राहिलं क्षीण बल. ते म्हणजे मी, असं वाटलं होतं, पण नाही. न्यूट्रॉनचा प्रोटॉन किंवा उलट करणं हे त्याचं खातं. सूर्यात हायड्रोजन जळायची पहिली पायरी त्याच्याच टेबलावरून जाते, म्हणून एकेका प्रोटॉनला सरासरी अब्जावधी वर्षं वाट बघावी लागते. सरकारी काम, सहा महिने थांब, हे वरपर्यंत लागू आहे. आणि आपल्या अंगातल्या पोटॅशियममध्ये दर सेकंदाला साधारण चार हजार अणू याच बलाने फुटत असतात, म्हणजे मी कपाटाला टेकून नुसता बसलो होतो तेव्हाही काम चालूच होतं. बायकोला हे सांगून बघितलं.

सकाळी साडेसातला मावशी आल्या. "दादा, ढकलताय कशाला?" म्हणत तांदळाचं रिकामं पोतं आणलं, मला एक कोपरा उचलायला लावला, पोतं आत सारलं, दुसरा कोपरा, आणि दोघांनी ओढलं. दोन मिनिटं. मागे बावीस वर्षांची धूळ, तीन क्लिपा आणि माझं हरवलेलं पॅनकार्ड.

रंगारी साडेअकराला आला. भिंत बघितली, कपाट बघितलं आणि म्हणाला, "इकडे कशाला सरकवलंत? ओल ह्या कोपऱ्यातून येतीये, हे आता परत मागे घ्या."