परदेशातून : आजोबांनी रजा कुणाकडे मागायची?

संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली आला. ‘श्यामची आई’नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळवणारा तो दुसरा मराठी चित्रपट, आणि त्या वर्षी भारताकडून ऑस्करला गेला तोही हाच. कोकणातला लहानगा परशुराम, म्हणजे परशा, डोळे दाखवायला आजोबांबरोबर शहरात येतो. निदान होतं रेटिनोब्लास्टोमाचं, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगाचं. जीव वाचवायचा तर दोन्ही डोळे काढावे लागणार. हे त्या पोराला सांगायचं कुणी, या एका पेचावर सिनेमा उभा आहे. ऑपरेशनच्या आधी आजोबा वॉर्डात कुणालाही न सांगता नातवाला घेऊन बाहेर पडतात. दिसतंय तोवर त्याने डोळे भरून सगळं बघून घ्यावं म्हणून.

या सिनेमाचा विषय निघाला की आपल्याकडे आजही दोन तट पडतात. आजोबांनी केलं तेच माणुसकीचं, असं एक म्हणणं. दुसरं असं की डॉक्टरांचा जीव टांगणीला लावून पेशंटला पळवून नेणं हा बेजबाबदारपणा. ब्रिटनमधल्या मुलांच्या रुग्णालयांचं काम कसं चालतं ते समोर ठेवलं, तर हा वाद आजोबांच्या स्वभावावरून घालण्यात अर्थ नाही असं माझं ठाम मत आहे. त्या वॉर्डात आजोबांना रजा मागायची सोयच नव्हती. म्हणून ते न सांगता गेले.

इथे ब्रिटनमध्ये त्या सोयीला ‘वॉर्ड लीव्ह’ म्हणतात. मुलाची तब्येत स्थिर असेल तर डॉक्टरांच्या परवानगीने काही तासांसाठी त्याला बाहेर नेता येतं. बरोबर कोण आहे, फोन नंबर काय, परतायची वेळ कोणती, मधल्या वेळेत कुठलं औषध द्यायचं, एवढ्याची नोंद होते. हाताला सलाईनची सुई तशीच ठेवली असेल तर ती नीट बांधून दिली जाते. किमोथेरपी चालू असेल तर ताकीद असते, की ताप ३८ अंश सेल्सिअसवर गेला तर वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. पांढऱ्या पेशी कमी असतील तर गर्दीत न्यायचं नाही. भूल द्यायची असेल तर सहा तास आधीपासून घन पदार्थ बंद, म्हणजे कौतुकाने हातात दिलेला वडापावसुद्धा ऑपरेशन पुढे ढकलायला पुरतो. ‘श्वास’मधल्या आजोबांना जे चोरून करावं लागलं, ते या पद्धतीत मागून मिळालं असतं. त्यासाठी ना यंत्र लागतं, ना मोठा निधी. वॉर्डात एक छापील कागद आणि तो समजावून सांगणारी सिस्टर, एवढं पुरतं.

सांगण्याचा प्रश्न मात्र याहून अवघड आहे. आपल्याकडे घरातलं मोठं माणूस डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतं, “त्याच्यासमोर काही बोलू नका.” यात प्रेम आहे, हे मान्य. पण सात वर्षांच्या मुलाला आई रडून आली ते कळतं, आपण आलो की बोलणं थांबतं हेही कळतं, आणि शेजारच्या खाटेवरचा मुलगा उरलेलं सांगून टाकतो. लपवल्याने मूल अंधारात राहत नाही, एकटं पडतं.

इथल्या वॉर्डांत हे काम कुणाच्या धीरावर सोडलेलं नसतं. त्यासाठी प्ले स्पेशालिस्ट नावाची प्रशिक्षित, पगारी व्यक्ती असते, आणि तिच्या कामाला ठरलेली रीत असते. आधी विचारायचं, “तू इथे कशासाठी आला आहेस असं तुला वाटतं?” उत्तरावरून मुलाला किती ठाऊक आहे आणि काय चुकीचं ठाऊक आहे ते समजतं. मग आजाराचं खरं नाव घ्यायचं. मग मुलाने विचारो वा न विचारो, तीन गोष्टी सांगायच्याच : तुझ्या हातून काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही, हे कुणाला तुझ्यामुळे होणार नाही, आणि तुझ्याजवळ कोण कोण असणार आहे. पहिली गोष्ट डोळ्यांच्या बाबतीत फार मोलाची. “मोबाइल बघून डोळे जातील” हे आपल्या घरांत रोजचं वाक्य. डोळा खराब झाला एवढंच ऐकलेलं मूल ती शिक्षा समजून गप्प बसतं.

“दुखणार नाही” असं वचन कधी देऊ नये. पहिली सुई टोचताच ते खोटं ठरतं आणि पुढच्या प्रत्येक सुईला दोघांनी धरून ठेवावं लागतं. त्याऐवजी हाताला बधिर करणारं मलम लावायचं, वर चिकटपट्टी, आणि एम्ला नावाचं मलम असेल तर तासभर थांबायचं. इथली मुलं त्याला ‘मॅजिक क्रीम’ म्हणतात. मलम वीस मिनिटांत पुसून सुई टोचली तर दुखतं, आणि मग क्रीमवरचाही विश्वास जातो. “डॉक्टर तुला झोपवणार” हेही टाळायचं, कारण मग काही मुलं रात्री डोळे मिटायलाच घाबरतात. भुलीचं औषध देणार, ती रोजची झोप नाही, काम संपलं की जाग येते, असं सांगायचं.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी बाहुली वापरतात. बाहुलीच्या डोळ्यावर तोच जाड दाबाचा बँडेज बांधायचा, मुलाला तो हाताने चाचपू द्यायचा, सोडून परत बांधू द्यायचा. डोळा काढल्यावर खाचेत गोल इम्प्लांट बसवतात, त्यावर पापण्यांच्या आत प्लॅस्टिकची पारदर्शक चकती, म्हणजे कन्फॉर्मर ठेवतात. सूज उतरली की साधारण सहा आठवड्यांनी साचा घेऊन कृत्रिम डोळा बनतो. तो गोटीसारखा गोल नसतो, शिंपल्यासारखी पातळ ॲक्रिलिकची वाटी असते. दुसऱ्या डोळ्याकडे बघत बघत बुबुळ हाताने रंगवतात, आणि पांढऱ्या भागातल्या बारीक शिरांसाठी लाल रेशमाचे तंतू वापरतात. मूल वाढतं तशी खाच वाढते, म्हणून तो अधूनमधून बदलावा लागतो. हे सगळं मुलाला आधी हातात घेऊन बघता आलं, तर पहिला बँडेज सुटताना त्याला काय होतंय ते ठाऊक असतं.

परशासारखे दोन्ही डोळे जाणार असतील, तर शुद्धीवर येतानाची तयारी सगळ्यांत महत्त्वाची. जागं झालेलं मूल दिवा लावायला सांगतं. त्या क्षणी जवळ कोण असेल, पहिला हात कुणाचा, पहिला आवाज कुणाचा, हे आदल्या दिवशीच ठरवून मुलालाही सांगितलेलं असावं. खाटेपासून दारापर्यंत डोळे मिटून चालायचा खेळ आधीच खेळलेला असावा. आजोबांनी त्याला जग दाखवलं ते योग्यच. त्यात मी एवढंच जोडेन, की त्याच दिवसात थोडा वेळ डोळे मिटून फिरवायचं, वास आणि आवाज ओळखायला लावायचे.

एक गोष्ट सिनेमाबाहेरची, पण सांगायलाच हवी. हा आजार बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आत दिसतो. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्याच्या बाहुलीत लाल चमकेऐवजी पांढरी चमक दिसणं, किंवा नव्याने तिरळेपणा येणं, ही खूण. “मोठा झाला की जाईल” म्हणून थांबू नये. ब्रिटनमध्ये या आजाराची शंभरातली पंचाण्णवहून अधिक मुलं वाचतात, आणि लवकर सापडला तर किमोथेरपी, लेझर किंवा गोठवण्याच्या उपचाराने डोळाही अनेकदा वाचतो. साधारण चाळीस टक्के मुलांत दोष आनुवंशिक असतो, म्हणून भावंडांचे डोळेही तपासावे लागतात. त्यावरून सुनेच्या माहेराकडे बोट दाखवायचं कारण नाही; बहुतेक कुटुंबांत आधी हा आजार कुणालाच झालेला नसतो.

हे वाचून “तिकडे सगळं छान” असं वाटलं तर ते खरं नाही. १९५० च्या सुमारास इथल्या अनेक रुग्णालयांत आईबापांना आजारी मुलाला आठवड्यातून मोजके तास भेटता येई. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या मुलीच्या रुग्णालयातल्या दिवसांवर एक साधा माहितीपट केला. सुरुवातीला डॉक्टर-परिचारिकांनाच तो झोंबला. पुढे रुग्णालयातल्या मुलांविषयीच्या १९५९ च्या सरकारी प्लॅट अहवालाने पालकांना मुक्त प्रवेश द्यावा, मुलांच्या खेळाची आणि शिक्षणाची सोय करावी अशी शिफारस केली, तरी ती सगळीकडे लागू व्हायला वर्षं गेली. इतक्या काळजीने केलेल्या ‘श्वास’चा त्या माहितीपटासारखा उपयोग आपण करून घेतला नाही याचं मला वाईट वाटतं. पारितोषिकं दिली, डोळे पुसले. परिचारिकांच्या आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वर्गात तो दाखवून, ‘या प्रसंगात तुम्ही काय केलं असतं?’ असं विचारायला हवं.

सिनेमात अमृता सुभाषने केलेली आसावरी ही समाजसेविका आहे, आणि ते पद कल्पनेतलं नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ सालीच वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला होता. आजही सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. पण त्यांचा दिवस रेशनकार्ड, महात्मा फुले योजनेचे कागद आणि ट्रस्टांना लिहायची पत्रं यांतच जातो. तेही निकडीचंच काम आहे. मुलाजवळ बसायला वेगळं माणूस हवं, त्याला प्रशिक्षण हवं आणि पगार हवा. मुंबईत सेंट ज्यूड केंद्रांनी २००६ पासून कर्करोगाच्या मुलांना आणि आईवडिलांना मोफत राहायला जागा देऊन दाखवली. वॉर्डातल्या या एका पदाची मागणी त्यापुढे मोठी नाही.

आणि एक जमेची बाजू आपल्याकडे आहे, जी इथे पैसे देऊन मिळत नाही. आपल्या वॉर्डात खाटेखाली चटई टाकून आजोबा झोपतात, मामा डबा आणतो, गावाकडचा कुणीतरी रक्त द्यायला येतो. इथल्या वॉर्डात रात्री खाटेजवळ बहुधा एकाच पालकाला जागा मिळते. आजोबांना १९८९ च्या बालक कायद्यानुसार आपोआप पालकत्वाचे अधिकार नसतात, त्यामुळे संमतीपत्रावर त्यांची सही सहसा चालत नाही. इथल्या मराठी घरात मूल आजारी पडलं तर आजोबा साताऱ्याहून व्हिजिटर व्हिसावर येतात. एका वेळी सहा महिन्यांची मुदत. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार बहुतेकदा दोन वर्षांहून जास्त चालतात. त्या मुलासाठी प्ले स्पेशालिस्ट शेवटपर्यंत असते, आजोबांना मात्र उपचार अर्धे होण्याआधीच परतावं लागतं. पुढचं सगळं व्हिडिओ कॉलवर, साडेपाच किंवा साडेचार तासांचा फरक सांभाळत. म्हणून अशा घरांनी व्हिसाचा अर्ज पहिल्याच आठवड्यात न करता, सर्वांत कठीण टप्पा कोणता ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारून त्याप्रमाणे आजोबांचे सहा महिने ठरवावेत, आणि अर्जाला रुग्णालयाचं पत्र जोडावं.