तिसरीच्या मुलाला थेट 81 घरांचं सुडोकू नको

‘सुडोकूने मूल शांत होतं, तिसरीपासून रोज एक द्या’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य अर्धवट आहे. नऊ बाय नऊचं कोडं आठ वर्षांच्या मुलाला शांत करत नाही, चिडवतं. खोडून खोडून कागद फाटतो आणि खेळ तिथेच संपतो. सुरुवात चार बाय चारने, 16 घरांनी करा. फरशीवर खडूने चौकट आखा, मधली आडवी आणि मधली उभी रेघ जाड काढा, म्हणजे दोन बाय दोनचे चार चौकोन पडतात. प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि चौकोनात चारही आकडे एकेकदाच यायला हवेत. मुलं आडवी-उभी ओळ बघतात आणि दोन बाय दोनचा चौकोन विसरतात, बहुतेक चुका तिथल्याच. आकड्यांऐवजी चिंचोके, तूर, मका, हरभरा असे चार प्रकारचे दाणे, प्रत्येकी चार. दाणा उचलून दुसरीकडे ठेवता येतो, खोडावं लागत नाही. (पेरणीच्या पाकिटातलं बियाणं मात्र अजिबात देऊ नका, त्याला औषध चोळलेलं असतं. घरात रांगतं बाळ असेल तर दाण्यांऐवजी आकडेच लिहा.)

मांडताना आधी सगळी चौकट बरोबर भरा, मग त्यातले सहाच दाणे काढून घ्या आणि ती घरं मुलाला भरू द्या. हे जमलं की आठ, मग दहा. मनाने इकडेतिकडे दाणे ठेवून कोडं केलं तर ते बऱ्याचदा सुटतच नाही, आणि चारपेक्षा कमी दाणे ठेवले तर एकच एक उत्तर निघत नाही. घड्याळ लावू नका. ‘चुकलं’ म्हणण्यापेक्षा ‘इथे तूर का चालणार नाही?’ असं विचारा. जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात भर दुपारी पोरांना बाहेर सोडता येत नाही, तेव्हा दहा-बारा मिनिटांचा हा डाव फार कामाचा.